सी ब्लॉकखालचा जोहड

बाबा, परवा सोसायटीच्या सभेत तुमचा उल्लेख झाला. नाव कोणी घेतलं नाही. बिल्डरच्या ऑफिसातून आलेला माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि दोन हातांत दोन मोबाइल, म्हणाला, "हमारे सर्वेयर ने तो जमीन सूखी बताई थी जी. अब वो बेचारे रहे नहीं." पिंपळाशेजारच्या हिरवळीवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सगळा सी ब्लॉक आणि अर्धा बी ब्लॉक बसला होता. तो सर्वेयर बी ब्लॉकमध्ये तळमजल्यावर राहायचा, त्याची बायको पहिल्या रांगेत बसली आहे आणि तिच्या शेजारी त्याची मुलगी, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. जुने लोक फ्लॅट विकून गेले. जे उरलेत त्यांना तुम्ही 'सरकारी नोकरीवाले' म्हणून आठवता, कारण सरकारी नोकरी सोडल्यावरही तुम्ही तसंच सांगायचात. 'बेचारे' हा शब्द मला पटला नाही. तुमच्यासाठी माझ्याकडे पुष्कळ शब्द आहेत, त्यांत हा नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते, म्हणून थोडं सांगावं लागेल. मी सिव्हिल इंजिनिअर झाले. उड्डाणपूल किंवा इमारत उभी राहण्याआधी जमिनीत खोल भोक पाडून खालची माती वर काढतात, त्याला बोअर म्हणतात. ती माती किती भार पेलेल ते मी सांगते. सी ब्लॉकच्या भिंतींना तिरक्या भेगा पडल्या आहेत. गेल्या वर्षी मी त्या भेगांवर आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली की काच तडकते, इतकी साधी युक्ती आहे. सगळ्या तडकल्या. बिल्डरने दोन बोअर घेतले, दोन्ही कडेला, आणि दोन्हीकडे घट्ट माती लागली. त्याचं म्हणणं, इमारतीला काही झालेलं नाही, प्लॅस्टर खराब आहे. सोसायटीच्या हट्टाखातर तो आणखी एकच बोअर घ्यायला तयार होता: जागा तुम्ही दाखवा, तीच का ते पटवून द्या, आणि तिथेही घट्ट माती लागली तर विषय संपला. सी ब्लॉकच्या चारही मजल्यांवर माणसं राहतात. जागा चुकली असती तर ती तशीच राहत राहिली असती, एखाद्या पावसाळ्यापर्यंत. ती जागा मला माहीत होती, आणि तुमच्यामुळे माहीत होती. म्हणून हे पत्र. प्रेमाने लिहायला बसले आहे असं समजू नका.

तुमची दिल्ली वेगळीच होती. लोक दिल्लीत येतात ते किल्ले, मशिदी, मोठे रस्ते बघायला. तुम्ही इतकी वर्षं राहून लाल किल्ल्याच्या आत एकदाही गेला नाहीत, पण ओखल्याच्या बंधाऱ्याखाली कुठल्या दरवाजापाशी पाणी वळतं आणि तिथे सिंघाडा मासा तोंड वर करून बसतो, हे तुम्ही झोपेत सांगितलं असतं. वजीराबादच्या वरच्या अंगाला यमुना अजून नदीसारखी दिसायची, तिथे मृगळ. दमदम्याला रोहू, पण थंडीत नाही. बडखलला सहलीला आलेल्यांच्या होड्या फिरायच्या, म्हणून तिथे फक्त सकाळी. नजफगढकडे पावसानंतर शेतात साचलेल्या पाण्यात मांगूर. हिंडनवर काहीच नाही, आणि म्हणूनच तुमच्या रविवारच्या मित्रांना तुम्ही कायम हिंडन सांगायचात. गळवाल्यांमध्ये तो रिवाजच होता: खरी जागा कोणी सांगायची नाही, आणि ज्याने एखाद्या जागी चारा टाकून ठेवला असेल तिथे दुसऱ्याने गळ टाकायचा नाही. तुम्ही याला तत्त्व म्हणायचात. चार प्रौढ कारकून रविवारी सकाळी एकमेकांना खोटे पत्ते देतात आणि संध्याकाळी एकमेकांच्या रिकाम्या पिशव्या बघून खूश होतात, याला तत्त्व.

महाराष्ट्रातून पाहुणे आले की तुम्ही त्यांना पानिपतला न्यायचात. काला अंबच्या स्मारकापाशी ते चपला काढून उभे राहायचे, एखादे काका वाकून माती कपाळाला लावायचे, आणि तुम्ही राखणदाराला बाजूला घेऊन विचारायचात, "भाईसाब, नहर किधर पड़ेगी? मछली लगती है उसमें?" मी तेव्हा जेमतेम सात वर्षांची असेन. इतिहास मला कळत नव्हता. लाज मात्र कळत होती.

आणि तो चारा. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही मोहरीची पेंड आईच्या तव्यावर भाजायला बसायचात. खमंग म्हणायचात त्या वासाला. त्यात सातू, गूळ, बडीशेप, दारूचा एक थेंब, मग ओल्या फडक्यात बांधून डबा दोन दिवस बाल्कनीत. आई मालवणची, तिच्या दृष्टीने समुद्रात नसतो तो मासाच नव्हे. ती ओट्याला टेकून बघत उभी राहायची. "एवढं तर कोणी जावयासाठी करत नाही," ती म्हणायची. तुम्ही हसायचात. "अगं, खायला घातल्याशिवाय कोण येतं?" "मला आणलंत ते काय खायला घालून?" असं ती विचारायची, आणि तुम्ही पेंड ढवळायला लागायचात, कारण तुम्ही तिला सरकारी क्वार्टर दाखवून आणलं होतं. तुम्ही आणलेल्या माशांना चिखलाचा वास यायचा. आई गावाहून येणाऱ्यांकडून मागवलेली तिरफळं आणि आमसुलं घालून तो वास झाकायची. आठवड्यातून एकदा आमच्या घरी एक वास तयार व्हायचा आणि एक वास झाकला जायचा. त्याला तुम्ही छंद म्हणत होतात.

मग तुम्ही नोकरी सोडलीत. त्या वर्षांत सगळेच काही ना काही सोडत होते. शेजारच्यांनी स्कूटर विकून मारुती घेतली, वरच्या मजल्यावर केबल आली, आणि गुडगावकडे मोहरीच्या शेतांत खुंट्या ठोकून पाट्या लागायला लागल्या. तुम्ही एका बिल्डरकडे सर्वेयर म्हणून गेलात. दुर्बिणीची तिकाटणी आणि गळाची काठी तुम्ही एकाच कापडी पिशवीत न्यायचात. आईला वाटलं होतं, खाजगी नोकरीत निदान रविवारी तरी थकून घरी बसाल. पण सर्वेयरला रानोमाळ हिंडायचा पगार मिळतो. तुमच्यासाठी ती मासे शोधायची नोकरी होती.

तो जोहड तुम्हाला तिथेच सापडला. मी जोहडच म्हणते. तळं म्हटलं की त्यात कमळं येतात, आणि यात म्हशी होत्या. किंबहुना म्हशीही गेल्या होत्या. गावाने जमिनी विकल्या होत्या, गुरं विकली होती, आणि जोहडाकडे कोणी फिरकत नव्हतं. कधीतरी पंचायतीने सोडलेले रोहू तिथे कोणी न धरल्यामुळे वाढत बसले होते. एका बाजूला गुरांना उतरायला दगडी उतार, दुसऱ्या बाजूला किकरांची, म्हणजे बाभळींची, झुडपं, आणि काठावर एक पिंपळ. तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभी करून तिथे न्यायला लागलात. मी चौथीत होते. माझं काम खोली मोजण्याचं.

हे काम मला आवडत होतं, हे इथे लिहून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला बोलायला जागा उरणार नाही. गळाला जड शिसं लावायचं, पाण्यात सोडायचं, आणि वरचं तरंगणारं बोंड दोरीवर इतकं सरकवत जायचं की शिसं तळाला टेकेल आणि बोंडाचं टोक नेमकं पाण्यावर दिसेल. मग दोरी काढून काठीवर मारलेल्या लाल रंगाच्या पट्ट्यांना लावायची. ओरडायचं नाही, मासे बिचकतात, बोटांनी सांगायचं. तुमची काठी बांबूची होती, तिला रीळ नव्हतं. काठीची लांबी ठरलेली, दोरीची लांबी ठरलेली. पिंपळाच्या बुंध्याला पाठ टेकवून उगवतीकडे तोंड केलं आणि दोरी ताणून सोडली, की गळ दर वेळी त्याच जागी पडायचा. तीच सगळ्यात खोल जागा होती. दगडी उतारापाशी माझ्या गुडघ्याएवढं पाणी, मधे तुमच्या छातीएवढं, आणि पिंपळासमोर एकदम दोन पुरुष खोल. उन्हाळ्यात सगळे रोहू तिथेच. ती जागा तुम्ही मित्रांना सांगितली नाहीत, आईला सांगितली नाहीत. साहेबांना सांगितलीत.

साहेब म्हणजे तुमच्या बिल्डरचे डायरेक्टर. त्यांनी परदेशातून रीळ आणलं होतं, आणि रीळ आहे म्हणून त्यांना मासा हवा होता. तुम्ही गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी ऑफिस सुटल्यावर जोहडावर जाऊन चारा टाकलात. तीन संध्याकाळी. रोहूंना सवय लागावी म्हणून. त्या आठवड्यात माझी घटक चाचणी होती आणि गणितातला एक प्रकार तुम्ही समजावून देणार होतात. तो मी आपला आपण सोडवला. बरंच झालं.

रविवारी सकाळी साहेबांची गाडी शेताच्या कडेला थांबते. ड्रायव्हर घडीची खुर्ची उतरवतो. साहेबांच्या डोक्यावर कापडी टोपी आहे, तिच्यावर रंगीत खोटे किडे टोचलेले. ते फेकतात तेव्हा गळ किकरात अडकतो. दुसऱ्यांदा फेकतात तेव्हा पिंपळात. तुम्ही दर वेळी धावत जाऊन सोडवून आणता आणि म्हणता, "हवा है सर, हवा." हवा नाही. पान हलत नाहीये. मी बोटांनी खोली दाखवते, तुम्ही मान हलवता, आणि बांबूची काठी घेऊन पिंपळाला टेकता. बोंड एकदा थरथरतं, आडवं होतं, गडप होतं. तुम्ही मनगट उचलता. काठी अर्धी वाकते. तुमचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही, इतका स्वतःचा असलेला. आणि पुढच्या क्षणाला तुम्ही ती काठी साहेबांच्या हातात देता. "सर, लीजिए, आपकी लगी है!"

साहेब ओढतात, घसरतात, हसतात. तुम्ही पँटसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरून जाळीत मासा घेता. मग तुम्हीच साहेबांच्या कॅमेऱ्याने फोटो काढता, म्हणजे त्यात तुम्ही नाही. मी म्हणते, "मछली तो बाबा को लगी थी." मुद्दाम नाही, दुरुस्ती म्हणून. साहेब म्हणतात, "बिटिया बड़ी तेज है तुम्हारी." तुम्ही हसता. ते हसू मला अजून पाठ आहे. परतताना स्कूटरवर, माझ्या डोक्यावरून तुम्ही म्हणालात, "तुला शहाणपणा करायला नेत नाही मी. तोंड बंद ठेवायचं आणि खोली सांगायची. कळलं?" मला कळलं होतं. मला तुम्हीच कळला होतात.

धड साहेबांनी नेलं. डोकं ड्रायव्हरने छाटून पिशवीत घालून दिलं. "सिर तो आप लोग खाते हो ना?" साहेबांनी विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, "जी सर, सिर ही तो असली चीज है." आईने पिशवी उघडली. "धड कुठंय?"

"साहेबांना दिलं."

"आणि हा काय, प्रसाद?"

तुम्ही पायजमा बदलत बदलत आतून म्हणालात, "अगं, त्यांनी स्वतः धरला. नवशिक्याला एवढा मासा! त्यांना जागा इतकी आवडली, म्हणाले, क्या सुकून है, यहीं कुछ बनाते हैं."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिने तिरफळं ठेचली, आमसुलं भिजवली आणि डोक्याचं कालवण केलं. तुम्ही एकट्यानेच ते खाल्लंत, गालफडं चोखून, कौतुक करत करत. मी लोणच्याशी भात खाल्ला.

साहेबांनी खरंच तिथे काहीतरी बनवलं. तुम्हीच मोजणी केलीत. काठापासून काठापर्यंत ज्याची खोली तुमच्या मुलीला काठीवरच्या पट्ट्यांच्या मापात पाठ होती, तिथे तुम्ही सपाट जमीन दाखवलीत. "उन्हाळ्यात आटतंच की पाणी," असं तुम्ही आईला सांगत होतात, "मग कोरडीच म्हणायची ना?" तो जोहड उन्हाळ्यात आटत नव्हता. आटला असता तर त्यात तेवढे रोहू झाले नसते. तुम्ही वाईट सर्वेयर असता तर मी हे इतकं मनावर घेतलं नसतं; वाईट सर्वेयर रोज भेटतात मला. तुम्ही चांगले होतात. तुमचं काम मी नंतर इतर ठिकाणी पाहिलंय, त्यात बोट ठेवायला जागा नाही. म्हणजे तुमच्या हातून हे चुकून झालेलं नाही. एवढंच मला त्यातून कळतं.

भराव घालायला सुरुवात झाली त्या दिवशी तुम्ही मला नेलंत. का नेलंत कोण जाणे. पंपाने पाणी उपसलं होतं, पिंपळासमोर फक्त एक काळं डबकं उरलं होतं आणि त्यात मासे एकमेकांवर चढून उडत होते. ट्रकवरचे मजूर गुडघाभर चिखलात उतरून हातांनी मासे धरत होते, पोत्यात टाकत होते, ओरडत होते, हसत होते. ते खूश होते आणि त्यांना तसं असायला हरकत नव्हती. तुम्ही काठावर उभे राहून नाक मुरडलंत. "असं हाताने धरणं म्हणजे काय मासे धरणं झालं?" तुम्ही म्हणालात. "यात कसलं कसब?" तेवढ्यात पहिला ट्रक पाडलेल्या घरांचा मलबा ओतायला मागे मागे यायला लागला, तेव्हा तुम्ही मला हाताला धरून बाजूला घेतलंत, धूळ लागू नये म्हणून.

पिंपळ तेवढा राहिला, कारण पिंपळ तोडायला मजूर तयार होईनात. त्याच्या बुंध्याशी आता संगमरवरी टाइल्स लावलेलं देऊळ आहे. आणि आपल्याला फ्लॅट मिळाला, बी ब्लॉक, तळमजला, साहेबांच्या मेहेरबानीने. आईला मालवणला परत जायचं होतं. तिला तुम्ही अंगणाएवढी हिरवळ दाखवलीत. रात्री झोपताना तुम्ही मला म्हणायचात, "आपल्या खाली रोहू झोपलेत, हं." तुम्हाला तो विनोद वाटायचा. मी पाय पोटाशी घेऊन झोपायची. दोन पावसाळे तुम्ही त्या घरात काढलेत, दोन्ही वेळा स्वयंपाकघराच्या फरशीतून ओल वर आली, दोन्ही वेळा तुम्ही नळाचं काम करणाऱ्याला शिव्या दिल्यात. मग ऑफिसात छातीत कळ आली. साहेब आले नाहीत, ड्रायव्हरच्या हाती हार पाठवला.

आता परवाची सभा. सी ब्लॉकमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक आंटी आहेत, लुधियानाच्या, त्यांच्या बाथरूमचं दार वर्षभर लागत नाही. त्या बिल्डरच्या माणसाला म्हणाल्या, "बेटा, मैं तो नहाते हुए भजन गाती रहती हूँ, कि किसी को पता रहे अंदर कोई है." सगळे हसले. तो म्हणाला, "आंटीजी, बरसात में लकड़ी फूल जाती है." "और दीवार? दीवार भी फूल जाती है? ये देख, मेरी पूरी उंगली जाती है अंदर." सेक्रेटरींनी मला उभं केलं. मी जमिनीत भराव असेल तर भेगा तिरक्या का पडतात ते थोडक्यात सांगितलं, आणि जागा दाखवली: पिंपळाच्या पूर्वेला, सी ब्लॉकच्या जिन्याबाहेर, जिथे आता स्कूटर लावतात. इथे जोहड होता आणि इथे तो सगळ्यात खोल होता. माझं बोलणं नीट झालं. आदल्या दिवशी मी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं होतं.

"मैडम को कैसे पता?" त्याने विचारलं.

"बचपन में यहाँ आती थी."

"किसके साथ?"

"उससे फर्क नहीं पड़ता."

"फर्क तो पड़ता है मैडम. बचपन की बातों पे मशीन नहीं बुलाते. तालाब होता तो हमें पता नहीं होता?" आणि मग ते वाक्य आलं, सर्वेयरचं. तो पुढे म्हणाला, गलती हुई होगी तो उनकी, कंपनी तो कागज पे चलती है. लोक चुळबुळायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, चलो, ये भी गया. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होते. मला त्याला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की त्याच पाण्याच्या काठी तुमच्या डायरेक्टरांनी खुर्ची टाकली होती, आणि त्यांना तिथे आणणारा माझा बाप होता. दोन वाक्यं. ती माझ्याकडे तयार होती आणि मी ती बोलले नाही.

आई उठली. तिचं हिंदी तुम्हाला आठवत असेल, भाजीवाल्यापुरतं. ती म्हणाली, "वो सर्वेयर मेरे मिस्टर थे."

बिल्डरच्या माणसाचा एक मोबाइल वाजत होता, तो त्याने दाबला.

"उनको सब मालूम था," आई म्हणाली. "तुम्हारे साहब को भी मालूम था. मेरे मिस्टर ने ही दिखाया ना तालाब. साहब कुर्सी डालके बैठे, मछली लेके फोटो निकाला. धड़ वो लेके गए, सिर मेरे घर आया. मैंने खुद पकाया उसको. सूखी जमीन में रोहू मिलता है क्या, भैया?"

कोणी हसलं नाही. मग लुधियानाच्या आंटी, अगदी हळू, म्हणाल्या, "भाभीजी, आपने इतने साल बताया नहीं?" आई म्हणाली, "हाँ. नहीं बताया." इतकंच. सबब सांगितली नाही. बिल्डरचा माणूस दूर जाऊन फोनवर बोलला, बराच वेळ, पाठ फिरवून. परत आला तेव्हा आईकडे न बघता सेक्रेटरींशीच बोलला. जागा मान्य झाली. चौकीदाराने तिथल्या स्कूटर हलवून चुन्याने फुली मारली. सोमवारी मशीन येईल. काय लागेल ते मला ठाऊक आहे: आधी विटा, प्लॅस्टिक, चपला, आणि त्याखाली काळा गाळ, भरावाच्या दिवशी मजुरांच्या गुडघ्यापर्यंत आला होता तोच. त्यानंतर सी ब्लॉक रिकामा करावा लागेल आणि दुरुस्तीचा खर्च बिल्डरकडून वसूल करायचा रस्ता उघडेल. बी ब्लॉकच्या फ्लॅटना मात्र आता कोणी गिऱ्हाईक मिळणार नाही, आपल्यालाही नाही. शेजारच्या बाई रोज संध्याकाळी आईबरोबर फिरायला जातात. काल त्या एकट्याच गेल्या. आईने त्यांना खिडकीतून जाताना पाहिलं आणि पडदा सरळ केला.

सभेहून घरी आल्यावर ती भेंडी चिरायला बसली होती. तिने विचारलं, "तुला सगळं माहीत होतं. मग गप्प का बसलीस?"

"बोअरच्या जागेसाठी ते आवश्यक नव्हतं."

"अच्छा. आणि जागा हातची जात होती तेव्हा?"

"तुझा विचार करत होते. तुला इथे राहायचंय."

"माझा नको करूस," ती म्हणाली. "मी त्या माणसाबरोबर संसार केलाय, मला त्याची लाज वाटायची ती वाटून संपली. तुझी अजून संपलेली नाही." मग तिने भेंडीची देठं माझ्याकडे सरकवली, कचऱ्यात टाकायला.

मी तिला पुन्हा सांगितलं की तिच्यासाठीच गप्प बसले. ते खरं नाही. तिच्यासाठी बसले असते तर ती उठल्यावर मला तिची काळजी वाटायला हवी होती. मला राग आला. इतकी माणसं खुर्च्यांवर बसून तुमच्याबद्दल मनात काहीबाही म्हणत असणार, लुधियानाच्या आंटी, सेक्रेटरी, तो दोन मोबाइलवाला, ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलं नाही अशी माणसं, आणि मला वाटलं, यांचा काय संबंध. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्हाला नावं ठेवायला मी एकटी पुरेशी होते, आणि त्यात मला दुसरं कोणी नको होतं.